माझी उसनी शेपूट

मित्रांनो, मी एक जुना पोपट आहे. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस. पण माझं नाव मात्र अगदी कोरं करकरीत आहे!

माझा जन्म उंच डोंगरातल्या ओल्या जंगलातला. तिथे धुकं इतकं, की शेजारच्या फांदीवरची आईसुद्धा आवाजावरूनच ओळखावी लागायची. एका वादळात मी पडलो आणि मेलेले पक्षी भरून ठेवणाऱ्या काकांच्या टेबलावर आलो. काकांचा हात मऊ होता, पण त्यांच्या मांजरीने माझी आखूड शेपूट पळवली.

"बिनशेपटीचा पोपट शोभतो का?" म्हणत काकांनी सपाटीवरच्या पोपटाची लांबलचक शेपूट मला डिंकाने चिकटवली. अगदी प्रेमानेच हं.

तिथेच घोळ झाला. काकांनी मला संग्रहालयात पाठवलं आणि तिथल्या सरांनी ती शेपूट पाहून मला सपाटीवरच्या पोपटांच्या खणात झोपवलं. पुढे आमचं जंगल तोडायचं घाटत होतं, तेव्हा सर म्हणाले, "तिथले पोपट काही वेगळे नाहीत. असे सगळीकडे आहेत." मी खणात पडून ऐकत होतो. ओरडणार कशाने?

मग नव्या बाई आल्या. त्या प्रत्येकाला उलटंपालटं करून बघायच्या. माझ्या शेपटीपाशी त्या थबकल्या.

"सर, ही शेपूट ह्याची नाही."

"इतकी वर्षं ह्याचीच होती. तुम्ही आलात आणि परकी झाली?"

"डिंक दिसतोय बघा." बाईंनी ओला बोळा लावला. शेपूट अलगद त्यांच्या हातात आली.

सर मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे इतकी वर्षं माझाच पोपट झाला की."

"एकट्या तुमचा नाही, सगळ्यांचाच," बाई म्हणाल्या आणि दोघंही पोट धरून हसले.

बाई डोंगरात जाऊन माझे भाऊबंद बघून आल्या. तीच जाड चोच, तीच निळसर मान आणि आखूड शेपूट! आमची जात वेगळी ठरली आणि तिला नवं नाव मिळालं. जंगलतोडीबद्दलच्या बैठकीला सर मला डब्यात घालून घेऊन गेले आणि उभं राहून म्हणाले, "मी चुकलो होतो. हे पोपट फक्त तिथेच आहेत." तोड सध्या थांबली आहे. कायमची थांबेल, असं माझं कापसाचं मन सांगतं.

आता मला स्वतंत्र खण आहे. बघायला येणारी मुलं 'लांडा' म्हणून चिडवतात. चिडवू देत. मित्रांनो, मागणं एवढंच, की कुणालाही कुठल्याही खणात टाकण्याआधी नीट बघा. आणि माझ्या शेजारी बरीच जागा आहे, ती रिकामीच राहू द्या. बाकीचे झाडावरच छान दिसतात.