हळदुलीचं कुंपण

"वैनी, मागं सरा! लुगडं पेटंल!" महिपती खालून ओरडला.

हिराबाई मागं सरली नाही. करवंदीचा ओला डहाळा घेऊन ती आगीवर झोडपत होती. झोडपण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हाच थांबली. वणवा पलीकडच्या धारेवर उतरला होता. पठारावर बोराटीच्या कुंपणाचं काळं कडं धुमसत होतं आणि आत हळदुलीच्या झुडपाच्या जळक्या काटक्या उभ्या होत्या.

महिपती तिचा धाकटा दीर. माघ सरला की तो वाळलं गवत पेटवी, म्हणजे कोवळा चारा फुटे. बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं. तेव्हा हळदुली माथाभर होती. चार झुडपं जळाली तरी चाळीस राहायची. हिराबाई लग्न होऊन तिकोणा पेठ गावात आली, तेव्हा दिवाळीनंतर सगळं पठार पिवळंधमक व्हायचं. मग बंगल्यांचे रस्ते आले, प्लॉट पडले. झुडूप एकच उरलं.

पुण्याहून प्रेरणा झाडांचा अभ्यास करायला यायची. "मावशी, दुसरीकडं कुठंच सापडत नाही हो हे. शेंगा पिकल्या की बी नेईन, रोपं करू. तोवर शेळ्यांपासून सांभाळा."

गुरं राख, सरपण आण, हे हिराबाईला जन्मभर सगळ्यांनी सांगितलं होतं. सांभाळा, असं कुणी म्हटलं नव्हतं. घरचं आंब्याचं रोप राखावं तशी तिनं बोराटी तोडून आणली आणि झुडपाभोवती गच्च रचली.

महिपती धापा टाकत वर आला. "मी इचारलं व्हतं ना वैनी? तुमीच म्हनला, पेटव. गायींनी तितलं गवात खरडून खाल्लंय, आग जायची न्हाई."

"व्हय. म्हनले."

ते खरंच होतं. झुडपाभोवतीची जमीन उघडी बोडकी होती. आग आली असती नि वळून गेली असती. पण वाळल्या बोराटीला एक ठिणगी पुरली.

"पावसात फुटंल की बुडातनं."

तिनं बुडखा हलवला. तो अलगद हातात आला. हिरव्या शेंगांची राख झाली होती.

"फोन लाव त्या पोरीला."

"शेळ्यांनी खाल्लं म्हना. कोन बघतंय हितं?"

"मुक्या जनावरावर कशाला घालू? लाव."

त्यानं फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"प्रेरणा, हेलपाटा घालू नगंस बाई. झुडूप जळालं. माज्या कुपनानं जाळलं."

पलीकडून "बरं मावशी" एवढंच आलं.

गाई चढण चढून येत होत्या. राखेत बोराटीचे अर्धवट जळके काटे विखुरले होते. एखादा कुणाच्या खुरात जायचा, म्हणून हिराबाई खाली बसली आणि ते वेचून ओच्यात टाकू लागली.