आधी बाई खाते

जीवराम सोळा वर्षं सावद्याच्या स्टेशनात केळीच्या वॅगनी भरून देत होता. केळी कधी थांबत नाही, हे त्याच्या हाडीमांसी भिनलं होतं. वॅगन एक दिवस अडकली तरी तिकडे दिल्लीत काळा चिखल उतरतो. त्यामुळे परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेनं सरकारी आहार योजनेसाठी माणूस शोधायला सुरुवात केली, तेव्हा कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. काम असं होतं, की जहाजानं आलेलं मका-सोयाचं पीठ मुंबईहून रेल्वेनं धुळ्याच्या सरकारी गोदामात उतरायचं आणि तिथून धुळे-जळगावच्या अंगणवाड्यांपर्यंत जायचं. वाटप सरकारचंच. पण गोदामं कशी लावायची, गाड्या कशा पाठवायच्या, नोंदी कशा ठेवायच्या हे सरकारी माणसांना शिकवायला संस्थेनं जीवरामला धुळ्यात बसवलं.

दोन वर्षांत त्यानं गोदाम पालटून टाकलं. भिंतीला टेकलेल्या थप्प्या हात-दीड हात आत घेतल्या, खाली लाकडी फळ्या घातल्या, जुनी पोती आधी बाहेर काढायची सवय लावली. पण त्याच्या नावाची चर्चा झाली ती गाड्यांमुळे. पूर्वी पोतं धुळ्याहून सातपुड्याच्या पायथ्याला पोचायला एकोणीस दिवस लागायचे, कारण गाडीच मिळायची नाही. जीवरामनं ट्रकवाल्यांना गाठलं. धुळ्यात माल टाकून चोपड्याकडे रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांत त्यानं पोती भरायला सुरुवात केली. एकोणीस दिवसांचे चार झाले. पुण्याहून मोठे साहेब आले, त्यांनी त्याची पाठ थोपटली. नव्वद सालच्या त्या उन्हाळ्यात तो मनातून खूश होता.

तो गुरुवार होता. सकाळी आठ वाजता गोदामाच्या दाराशी ट्रक लागला. छगन हमाल, गोदामातला सगळ्यांत जुना माणूस, मागचा फाळका पाडून आत चढला आणि लगेच खाली उतरला.

"भाऊ, गाडीमा औषधना वास ये ऱ्हायना," तो म्हणाला. "मना हात चुरचुरतस."

जीवराम फाळक्यापाशी गेला. वाकून त्यानं वास घेतला आणि झटक्यात डोकं मागे घेतलं. कपाशीवर फवारतात ते औषध. गाडीच्या तळाच्या फळ्यांच्या फटींत तेलकट, पिवळसर ओल चमकत होती.

"कौतिक!" त्यानं ड्रायव्हरला हाक मारली. "येताना काय आणलं होतं?"

"आनाले काय? औषधना डबा," कौतिक बिडी विझवत म्हणाला. "दुकानदारना माल. मंगळवारना खेपले एक डबा फुटना. मी धुयी टाकी ना गाडी."

"मंगळवारी? मंगळवारी याच गाडीत आपली पोती गेली?"

"मंग? तुम्हीच तं सांगं व्हतं भाऊ, गाडी रिकामी जावाले नको."

जीवराम तसाच वळला आणि टेबलाशी जाऊन त्यानं रजिस्टर उघडलं. गाडीचा नंबर, पोत्यांची संख्या, निघायची वेळ, पोचायची वेळ, सही. सगळे रकाने त्यानंच आखले होते, पट्टी धरून. गाडीत आधी काय होतं, हे लिहायला रकाना नव्हता. त्याचा हात त्या पानावर तसाच राहिला.

चोपड्याला फोन लागायला पाऊण तास गेला. पलीकडून मुख्यसेविका पुष्पाबाई बोलल्या. चोपड्याच्या अंगणवाड्यांवर देखरेख त्यांची.

"मंगळवारची पोती कुठे आहेत बाई?"

"ती? काल वाटायला काढली ना जीवरामभाऊ. तुम्हीच म्हणता, ठेवू नका."

"सगळी?"

"नाही, ट्रॅक्टरभर. डोंगराकडची तीन गावं. का हो?"

त्याच्या डोळ्यांसमोर थप्पी उभी राहिली. ट्रकच्या तळाशी असलेली पोती सगळ्यांत शेवटी उतरतात. ती चोपड्यात थप्पीच्या वर येतात. वरची आधी निघतात, आणि आधी निघतात ती सगळ्यांत लांबच्या गावांना. म्हणजे औषधात भिजलेली पोती नेमकी तिकडेच गेली होती.

"बाई, ते पीठ शिजवू देऊ नका," तो ओरडलाच. "औषध सांडलंय त्याच्यावर. मी निघतो. तुम्ही रस्त्यावरची दोन गावं गाठा, कशानंही जा!"

संस्थेची जीप त्यानं स्वतः चालवली. अमळनेर मागे पडलं तेव्हा साडेनऊ झाले होते. अंगणवाडीत चूल दहाला पेटते, अकराला पोरं जेवतात. हेही त्यानंच ठरवून दिलेलं. तापीच्या पुलावर बैलगाड्यांची रांग लागली होती. तो हॉर्न दाबून धरत राहिला. एका गाडीवाल्यानं शिवी हासडली, तीही त्याला ऐकू आली नाही.

चोपड्याच्या पुढे फाट्यावर पुष्पाबाई उभ्या होत्या. चेहरा घामानं डबडबलेला.

"दोन्ही गावं झाली," जीपमध्ये चढता चढता त्या म्हणाल्या. "एकीकडे पोतं उघडलंच नव्हतं. दुसरीकडे पाण्यात कालवलं होतं, मी हातानं ओतून दिलं. आता उंबरपाणी राहिलं. तिथे मला पोचता आलं नाही, वाहनच नाही तिकडे."

"तिथे सेविका कोण?"

"नानीबाई. पावरा आदिवासी आहे. शिकलेली सातवीपर्यंत. चोख बाई, वेळेची फार पक्की."

वेळेची पक्की हे ऐकून जीवरामनं जीपचा वेग वाढवला.

रस्ता संपला आणि नाल्यातली गाडीवाट सुरू झाली. दगडांवरून जीप आपटत होती. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही जीवरामनं बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं.

अंगणवाडी म्हणजे कुडाची एक खोली आणि पुढे मोहाचं झाड. झाडाखाली पोरं रांगेत बसली होती. वीस-बावीस असतील. प्रत्येकाच्या पुढ्यात ताटली. जीवराम जीपमधून उडी मारून धावला. पहिल्या पोराची ताटली त्यानं हिसकावून घेतली.

ताटली कोरी होती.

दुसरी बघितली. तिसरी बघितली. सगळ्या कोऱ्या, घासलेल्या, उन्हात चमकणाऱ्या. पोरं त्याच्याकडे टकामका बघत होती. एकही रडत नव्हतं. एका पोरीनं आपली ताटली पाठीमागे लपवली, हा माणूस नेईल म्हणून.

"खाल्लं का? कुणी खाल्लं का?" तो विचारत सुटला.

चुलीपाशी मोगराबाई बसली होती, अंगणवाडीची मदतनीस. पातेल्यावर झाकण होतं आणि झाकणावर दगड.

"पोरेसनी नई खादं," ती म्हणाली. "आते बाईनी खादं. घंटाभर थांबनं पडस."

"कशाला थांबायचं?"

मोगराबाईला प्रश्नच कळला नाही. नवीन पोतं उघडलं की तसंच असतं, असं ती त्याला समजावू लागली. आधी बाई खाते. मग पोरं तासभर बसतात. बाईला काही झालं नाही, की मग वाढायचं.

"नानीबाई कुठे आहे?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"मजार शे," मोगराबाईनं खोलीकडे हात केला. "निजेल शे. तिले चक्कर उनी."

खोलीत अंधार होता. नानीबाई भिंतीशी कुशीवर पडली होती. लुगडं घामानं ओलं चिंब झालं होतं, तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. जीवरामनं तिची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. फवारणी करताना कोसळलेली माणसं त्यानं सावद्याकडे पाहिली होती. हे तेच होतं.

तो गुडघ्यांवरच बसून राहिला. पुष्पाबाईंनी त्याचा खांदा गदागदा हलवला तेव्हा तो उठला.

पातेलं खड्ड्यात ओतून त्यावर माती ओढायची आणि उरलेल्या पोत्याला कुणी हात लावायचा नाही, असं मोगराबाईला बजावून त्यांनी नानीबाईला जीपमध्ये घातलं. तिचा नवरा कुवरसिंग शेतातून धावत आला, तोही मागे बसला. पुष्पाबाई तिची लाळ पदरानं पुसत होत्या, मान एका बाजूला धरून. वाटेत दोनदा तिचा श्वास थांबल्यासारखा झाला. कुवरसिंग एकदा म्हणाला, "तिले मी किती डाव सांगं, तू नको खाऊ."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"बठ्ठा गावले माहीत शे, भाऊ."

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले आणि काही न विचारता इंजेक्शनं सुरू केली. आणखी अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं, असं ते नंतर म्हणाले. जीवराम बाहेर बाकावर बसला होता. शेजारी कुवरसिंग. दोघांच्या मधे एका माणसाची जागा रिकामी होती, आणि तिकडे सरकायचं धाडस जीवरामला झालं नाही. शेवटी त्यानं समोर बघतच सांगितलं, "गाडी मी लावली होती. ही माझी चूक आहे."

कुवरसिंग उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी नानीबाई उठून बसली. बारीक, काळीसावळी, तिशीची बाई. हाताला अजून कंप होता. जीवराम आणि पुष्पाबाई समोर उभे होते.

"नानीबाई, हे कधीपासून करता तुम्ही?"

"दोन साल झालं." ती शाळेत शिकलेली मराठी जपून बोलत होती. "तवा एका पोत्याला रॉकेलचा वास होता. मी वाढलं. पोरं ओकली. दोघांना लई त्रास झाला. मी चिठ्ठी लिहिली हापिसात."

"मग?"

"उत्तर आलं. माल सुस्थितीत मिळाल्याची तुमची सही आहे, म्हणून." ती पुष्पाबाईंकडे न बघता बोलली. पुष्पाबाईंची मान खाली गेली. ते उत्तर त्यांनीच पाठवलं होतं.

"पण वास आला तर टाकून द्यायचं ना! या वेळी वास नाही आला?"

"जरासा आला. पण टाकलं तर महिनाभर दुसरं येत नाही. पोरं काय खातील? नुसत्या वासावर कसं टाकायचं?" मग तिनं सरळ त्याच्याकडे बघितलं आणि शाळेतली मराठी सोडून ती तिकडच्या बोलीवर आली. "भाऊ, तुम्ही सांगा. एवढ्या लांबून पीठ येस. मुंबईले कोन चाखस? धुळाले कोन चाखस?"

मुंबईपासून उंबरपाणीपर्यंत सहा ठिकाणी तपासणी होती. वजन, शिलाई, ओल, किडे. जीवरामनं प्रत्येकीचा कागद तयार केला होता. तो कागद घेऊन तो गावोगावच्या सरकारी माणसांना शिकवत फिरला होता. चाखत कुणीच नव्हतं.

धुळ्याला परतून त्यानं सगळं लिहून काढलं, स्वतःच्या नावानिशी. संस्थेच्या साहेबांना ते आवडलं नाही. "परतीच्या गाड्यांची कल्पना आपण दुसऱ्या जिल्ह्यांनाही दाखवलीय," ते म्हणाले. जीवराम म्हणाला, "म्हणूनच त्यांना आजच तार करा." महिला-बालकल्याणचे जिल्हा अधिकारी मात्र शांतपणे ऐकून घेत होते. त्यांनी एकच विचारलं, "किती जागी अशी आधी बाई खात असेल?" जीवरामनं तो प्रश्न वहीत उतरून घेतला.

गाडीची तळफळी बघितल्याशिवाय पोतं चढवायचं नाही, मागची खेप काय होती ते ड्रायव्हरच्या सहीनं लिहायचं, औषध-खताची गाडी घ्यायचीच नाही, प्रत्येक पोत्यावर खेपेचा नंबर रंगवायचा, आणि पोतं संशयाचं असेल तर चार दिवसांत बदलून द्यायचं, असं ठरलं. गाड्या कमी झाल्या. चार दिवसांचे नऊ झाले. जीवरामनं ते मान्य केलं.

पावसाळ्यानंतर धुळ्यात अंगणवाडी सेविकांचं शिबिर भरलं. शहादा, अक्राणी, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, सगळीकडच्या मिळून बेचाळीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. जीवरामनं नवे नियम सांगितले. पोत्यावरचा नंबर कसा वाचायचा ते फळ्यावर लिहून दाखवलं. मग त्याला राहवलं नाही. अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या विषयांच्या यादीत नसलेला प्रश्न त्यानं विचारला.

"एक सांगा. नवं पोतं उघडल्यावर पोरांना वाढायच्या आधी स्वतः खाऊन बघता, अशा किती जणी आहात? कुणी रागावणार नाही."

मागून एक हात वर आला. मग दुसरा. मग ओळीच्या ओळी. बांगड्यांचा आवाज खोलीभर झाला. त्यानं मोजायला सुरुवात केली आणि तिसावर त्याच्यानं मोजवेना. कोपऱ्यात नानीबाई बसली होती. तिचाही हात वर होता, तो अजून थोडा थरथरत होता.

भिंतीशी बसलेले जिल्हा अधिकारी उठून उभे राहिले.

पुढच्या रांगेतून रावेरकडची ताईबाई, साठीला टेकलेली, बोलली. "आता तुम्ही एवढं सगळं केलं जीवरामभाऊ, मग थांबवू का खायचं?"

बेचाळीस बायका उत्तराची वाट बघत होत्या. हो म्हणणं सोपं होतं. त्यासाठीच तर शिबिर होतं. जीवरामनं त्या गाड्या आठवल्या, ज्यांची तळफळी त्यानं स्वतः पाहिली नव्हती.

"आठ दिवस थांबा," तो म्हणाला. "मी प्रत्येक गाडीबरोबर येतो. तुमच्या चुलीवर शिजवा, आणि आधी मला वाढा. मग काय ते ठरवा."

दुसऱ्याच दिवशी पहिली गाडी अक्राणीकडे निघाली. फाळका पाडून जीवराम आत चढला, फळ्यांवर गुडघे टेकले, आणि नाक तळाशी नेऊन तो एकेक फट हुंगत गेला. जिल्हा अधिकाऱ्यांची जीप मागे उभी होती. तेही निघाले होते, चमचा-ताटली घेऊन.