मनाईची भिंत

“तुम्ही माणसं मरू देता, पण मेली असं सांगू देत नाही.”

रुसकानं हे खांबावरच्या कॅमेऱ्याकडं बघून ऐकवलं आणि खळीचा ब्रश भिंतीवर आडवा ओढला. खळ पातळ झाली होती. एक ओघळ कोपरापर्यंत आला, तो तिनं एप्रनला पुसला. मग काळ्या चौकटीचा कागद उलगडून मधून कडांकडं तळव्यानं दाबत बसवला. वर नवऱ्याचा, देल्चोचा फोटो, खाली नाव, त्याखाली चार ओळी: जाऊन वर्ष झालं, रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, नंतर घरी जेवण.

“कॅमेरा बंद आहे गं,” समोरच्या कॉफीच्या टपरीतून झिव्को म्हणाला. “हिवाळ्यातच गेला बिचारा. त्याचाही एक कागद लाव.”

“आधी तुझा लावते.”

“माझा फोटो अजून चांगला यायचाय.”

रुसका हसली नाही. काल तिनं इथंच कागद लावला होता, परवाही. दुपारी येऊन बघावं तर भिंत कोरी. कुणी ओरबाडला असता तर चिटोऱ्या राहिल्या असत्या. तशाही नव्हत्या. फक्त एक ओला चौकोन राहायचा, तोही उन्हानं वाळून जायचा.

या मोहल्ल्यात वर्षश्राद्धाला कुणाला बोलवत नाहीत. फोन करून बोलावणं म्हणजे मेलेल्यासाठी भीक मागणं. कागद लावायचा, ज्यांना यायचं ते वाचून येतात, आणि वाचूनही जो येत नाही त्याचं काय ते त्याच्यापाशी. रुसकानं गहू निवडून ठेवला होता, अक्रोड फोडून ठेवले होते, शेजारच्यांकडून खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. मुलगी स्पेनमध्ये परक्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करत होती, तिला रजा मिळाली नव्हती. कागद टिकला नाही तर रविवारी जेवायला असणार होते पाद्री आणि रुसका. पाद्री भराभर जेवतो आणि निघतो.

आणि कागद लावायचा तर याच भिंतीवर. बसथांब्यासमोरची ही चार मजली आंधळी भिंत, हिला एकही खिडकी नाही. रुसका या मोहल्ल्यात नवरी म्हणून आली त्याच्याही आधीपासून सगळ्यांचे मेलेले इथंच. बसची वाट बघता बघता माणूस वाचायचा, टोपी काढायचा, पुन्हा घालायचा. कागदावर कागद चढून थर इतका जाड झाला होता, की हिवाळ्यात म्हातारे म्हणायचे, या बिल्डिंगला आमच्या बापजाद्यांनी स्वेटर घातलाय.

मग कुणीतरी ठरवलं, शहरात रंगांचा उत्सव करायचा. कुणी, ते कधी कळलं नाही. असल्या ठरावांना तोंड नसतं. दोन माणसं पाण्याचा फवारा घेऊन आली आणि त्यांनी सगळा स्वेटर उसवून गटारात सोडला. नंतर पोर्तुगालहून एक पोरगा आला. क्रेनच्या पाळण्यात बसून त्यानं डाळिंब सोलणारी एक मुलगी रंगवली, चार मजले उंच. चित्र चांगलं होतं. ते रुसकाही नाकारत नव्हती. दाणे असे, की हात पुढं करावासा वाटे. पोरानं खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं, हातभर लांब.

एकच जुनी गोष्ट त्यानं राखली. कागदांचे थर निघाल्यावर भिंतीच्या खालच्या भागात, माणसाच्या डोक्याच्या थोडी वर, एक ओळ तशीच दिसत होती, तांबड्या रंगातली, जाड, घोटीव अक्षरं: येथे कागद चिकटवण्यास मनाई आहे. जुन्या राजवटीतली. लोकांनी ही मनाई एक दिवसही पाळली नव्हती, पण अक्षरांवर कधी कुणी कागद लावला नव्हता. वर लावले, खाली लावले, दोन्ही बाजूंनी लावले; ओळ मात्र मोकळी ठेवली. पोर्तुगालच्या पोरानंही ती मोकळी ठेवली आणि मुलीच्या पायाशी चटई अंथरावी तशी चित्रात घेतली.

रुसका नगरपालिकेच्या कचेरीतही जाऊन आली होती. तिथल्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, की भिंत आता शहराचा ठेवा आहे, आणि निधनवार्तांसाठी इंटरनेटवर वेगळं पान केलंय, तिथं टाका. रुसका म्हणाली, आमची म्हातारी माणसं मोबाइलवर नातवंडांशिवाय काही बघत नाहीत. तेव्हा बाईनं हुकमाचा पत्ता टाकला: भिंतीवरच लिहिलंय ना मावशी, मनाई आहे म्हणून? तुम्ही वाचलं नाहीत का?

“ती ओळ मला पाठ आहे,” रुसका म्हणाली आणि उठून आली.

आज तिनं ठरवलं होतं, घरी जायचं नाही. कागद लावून ती बादली उचलून टपरीत शिरली आणि दुधाच्या खोक्यांमागे स्टुलावर बसली. झिव्कोनं कॉफी पुढं केली, पैसे नको म्हणाला. मग म्हणाला, घरी चुलीवर काहीतरी असेल तुझं. मग म्हणाला, ऊन वाढतंय. झिव्को आयुष्यात कधी कुणाला फुकट कॉफी पाजत नाही. रुसकानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि कप तोंडाला लावला.

थोड्या वेळानं नेव्हेना आली. रुसकाच्या वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीची पोरगी, विद्यापीठात शिकलेली. परदेशातून दोन दिवस शहर बघायला येणाऱ्यांना ती भिंतीभिंतीवरून फिरवायची. हातात पिवळी छत्री, खांद्याला पिशवी. एकटीच होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, पिशवीतून फवाऱ्याची बाटली काढली आणि कागदाच्या कडा भिजवल्या. थांबली. पुन्हा भिजवल्या. नखानं एक कोपरा उचलून कागद अलगद सोडवत आणला, जखमेवरची पट्टी काढावी तसा. चुरगाळला नाही. पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये सपाट ठेवला आणि छत्री उंच धरून कोपऱ्यावर गेली, तिच्या माणसांना आणायला.

“तुला माहीत होतं,” रुसका म्हणाली.

“माझी कॉफी तीच माणसं पितात, रुस्के. तुझे मेलेले पीत नाहीत.”

कोपऱ्यावरून घोळका आला. डच होते, फ्रेंच होते, दोन म्हाताऱ्या बहिणी एकसारख्या टोप्या घालून. नेव्हेनानं वर हात करून डाळिंबवाल्या मुलीबद्दल सांगितलं, पोर्तुगालच्या पोराचं नाव दोनदा घेतलं. सगळ्यांच्या माना वर, मोबाइल वर. मग तिनं छत्रीचं टोक खाली वळवलं, तांबड्या ओळीकडं. ओळ आणि मुलगी दोन्ही यावीत म्हणून माणसं गुडघ्यावर बसून फोटो काढू लागली. नेव्हेनानं तळहात उभा धरला आणि जरासा कलता केला. ओळीतलं तिसरं अक्षर कललेलं होतं, ते ती दाखवत होती.

“काय सांगतेय?” रुसकानं विचारलं.

झिव्कोनं टेबल पुसायला घेतलं. रोज ऐकून त्याला सगळं पाठ झालं होतं.

“सांगतेय, हे बंड होतं म्हणे. सरकारनं मनाई लिहायला लावली, तर लिहिणाऱ्यानं एक अक्षर मुद्दाम तिरकं काढलं. गुपचूप निषेध.”

रुसकाच्या घशातून एक आवाज आला. तिला हसू फुटलं होतं. कॉफी सांडली, तिनं कप ठेवला.

“आणि तू तिला काही बोलला नाहीस?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

भिंतीपाशी एका उंच डच माणसानं काहीतरी विचारलं. नेव्हेनानं दोन्ही हात पसरले आणि खांदे उडवले. या उत्तराला दुभाषा लागत नाही. ओळ कुणी लिहिलीय, माहीत नाही.

रुसकानं बादली उचलली आणि रस्ता ओलांडला. एक गाडी करकचून थांबली, तिच्याकडं तिनं बघितलंही नाही. घोळक्यानं वाट दिली. तिनं ओळीच्या खाली, उजव्या टोकाला, जिथं कुणी सही करेल तिथं खळ लावली आणि एप्रनच्या खिशातून दुसरा कागद काढून बसवला. मधून कडांकडं, सावकाश. देल्चो भिंतीवरून सगळ्यांकडं बघू लागला.

नेव्हेनाचा हात पिशवीत बाटलीपर्यंत गेला.

“मावशी, असं नका करू. कागद दिसला तर टूरवाले मला कामावरून काढतील. मी एकही फेकला नाही, सगळे जपून ठेवलेत, रविवारी आणून देणार होते.”

“मग सोमवारीच दे की. रविवारी माणसं यायची ती कागद वाचून, आणि कागद तुझ्या फाइलमध्ये.”

“मी काकांना ओळखत नव्हते का? शाळेच्या बॉयलरवर असायचे, मला बदाम द्यायचे. मला वाईट वाटत नाही का?”

“बॉयलरवर नंतर. आधी तो पाट्या रंगवायचा; नव्या राजवटीला त्या छापील लागायला लागल्या तेव्हा तिकडं गेला.” रुसकानं ब्रश बादलीत उभा केला. “ते अक्षर तिरकं आहे, कारण शिडी मी धरली होती. त्या आठवड्यात त्याचे वडील गेले होते. वरून मला म्हणतो, रुस्के, खळ आणलीस ना? एवढी मनाई लिहून झाली की खाली बाबांचा कागद लावून टाकू. मी हसले. शिडी हलली.”

नेव्हेना ओळीकडं बघत राहिली. तिनं ती ओळ किती जणांना दाखवली असेल, मोजदाद नव्हती. बाटली अजून तिच्या हातात होती, आणि बोट खटक्यावर.

डच माणूस वाकला. त्यानं देल्चोचा कागद न्याहाळला, मग अक्षरं, मग पुन्हा कागद. मोबाइलनं एक फोटो घेतला आणि नेव्हेनाकडं वळून काहीतरी विचारलं.

“काय म्हणतोय?”

“विचारतोय,” नेव्हेनाचा आवाज खाली गेला, “हा कागदही ती अक्षरं काढणाऱ्याचाच आहे का.”

टोपीवाल्या बहिणींनी मोबाइल खाली घेतले. बस आली, दारं उघडली, कुणी चढलं नाही. थांब्यावरचा एक म्हातारा पुढं येऊन कागद वाचू लागला. वाचता वाचता त्यानं टोपी काढली.

रुसकानं पदर खोचावा तसा एप्रन कमरेला घट्ट केला आणि नेव्हेनाच्या समोर उभी राहिली, कागद पाठीशी घेऊन.

“बाटली चालवायची तर आत्ता चालव, माझ्यासमोर. नाहीतर त्याला सांग. त्यानं चांगला प्रश्न विचारलाय, पोरी, हा माणूस गेला तरी तो प्रश्न मी तुला विचारतच राहणार. ही ओळ कुणाच्या हातची?”