चावणारी गाडी

बुनरुआननं नातीच्या हातावर फाडकन चापट मारली, तेव्हा खनूनची बोटं गाडीच्या दारापासून वीतभर लांब होती. पोरीनं भोकाड पसरलं आणि ती आईकडे पळाली.

"आता मात्र हद्द झाली," अनचली नवऱ्याला म्हणाली. "विरोत, बघ, वळ उठलाय! अहो आई, एवढं केलं काय तिनं?"

"चावते ती गाडी. चार्जिंगला लावली की चावते."

"गाडी काय कुत्रं आहे, आई?" विरोत म्हणाला. "भुंकते पण का?"

हा विनोद त्यानं इतक्यांदा केला होता, की म्हातारी आता त्यावर चिडतही नसे. खनून अंगणात निघाली की आजी मागून ओरडायची, "चपला घाल गं!" आणि गाडी चार्ज होत असली की पोरीला जवळ फिरकू द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, या वयात होतात असे भास. तेव्हा विरोतनं गंभीर चेहरा करून मान हलवली होती.

त्या चापटीनं निकाल लावला. बुनरुआननं आता उबोन गावी, मुलीकडे, दाओकडे राहायचं ठरलं. 'थोडे दिवस' असं सगळे म्हणत होते, पण अनचलीनं सामानात तिची उशीसुद्धा बांधली.

निघायच्या दिवशी सकाळी म्हातारीनं पोर्चची फरशी धुवायला काढली. घर घाण टाकून जायचं नाही, हा तिचा हट्ट. सगळ्यांच्या चपला तिनं उचलून वर ठेवल्या होत्या, पायात फक्त स्वतःच्या रबरी. गाडीला रात्रीपासूनची वायर लावलेलीच होती. विरोत तिची पिशवी घेऊन घाईत अनवाणीच बाहेर आला आणि त्यानं डिकीला हात घातला.

बोटांपासून कोपरापर्यंत सणकन झिणझिणी गेली. पिशवी खाली आदळली.

बुनरुआन झाडू धरून बघत होती. "चावली?"

त्यानं हात चोळत मान हलवली.

"चावली ना!" ती मटकन पायरीवर बसली, हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं खांद्यावरचा ओला फडका डोळ्यांना लावला. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे रे बाबा. मी तर घाबरूनच गेले होते. रात्री उठून तुमची सगळ्यांची नावं म्हणून बघायचे, विसरले तर नाही ना."

विरोतला तिच्याकडे बघवेना.

जुनं घर, अर्थिंगच नव्हतं. चार्जरच्या पेटीवर लाल दिवा लागायचा आणि गाडी चार्ज व्हायची नाही. वायरमन म्हणाला होता, फरशी फोडून जमिनीत सळई ठोकावी लागेल. नवीकोरी फरशी! विरोतनं बाजारातून अडॅप्टरसारखा एक बोटभर तुकडा आणून प्लगला लावला आणि दिवा हिरवा झाला. विकणारा म्हणाला होता, "यानं पेटीला वाटतं, अर्थिंग आहे. फक्त गाडीच्या पत्र्याला थोडा करंट येतो, ओल्या फरशीवर अनवाणी हात लावू नका हं." विरोतनं त्या दिवसापासून आजपर्यंत चपलेशिवाय गाडीला कधी हात लावला नव्हता.

"काय पडलं?" अनचली दारात आली. तिच्यामागून खनून डोकावली.

"त्याला चावली गं!" म्हातारी कौतुकानं म्हणाली. "त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत? तो नेहमी चपला घालून असतो."

किती सोपं होतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. त्यानं अनचलीकडे पाहिलं, मग खनूनच्या अनवाणी पावलांकडे.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"आई म्हणते ते खरं आहे, हे. पहिल्यापासून."

"डॉक्टरांसमोर बसलो होतो तेव्हासुद्धा?" अनचलीनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली.

बुनरुआन हळूच उठली. खनूनला तिनं उचलून उंबऱ्याच्या आत ठेवलं. मग पायातल्या चपला काढल्या आणि पायानंच त्याच्यापुढे सरकवल्या.

"घाल. आणि आधी मेन स्विच बंद कर."

त्या चपला त्याला लहान होत होत्या, टाचा बाहेर राहत होत्या. तसाच तो आत गेला आणि खटका पाडला. स्वयंपाकघरातला पंखा घरघरत थांबला.

"आई, पिशवी राहू दे," तो आतूनच म्हणाला. "मी आत आणतो."

तो बाहेर आला तेव्हा पिशवी डिकीपाशी नव्हती. फाटकाला टेकवून ठेवली होती. तिच्याशेजारी बुनरुआन अनवाणी उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती.