टाचांवरचा भार

काच उचलताना या दोघा भावांनी कधी ‘एक, दोन, तीन’ म्हटलं नाही. थोरला गुडघ्यात जरासा दबला, की धाकट्याला कळायचं आणि काच उठायची. कारखान्यातल्या बाकीच्या जोड्या ओरडून ओरडून घसा बसवायच्या. त्यांना हे दोघं खुशाल हसायचे. अंग बोलतंय तर तोंड कशाला शिणवायचं!

मग एकदा जिन्यात काच तडकली आणि धाकट्याच्या मनगटात घुसली. चूक कुणाचीच नव्हती, काचेतच खोट होती. मालकानेही ते कबूल केलं. पण ते रक्त थोरल्याने स्वतःच्या हातांनी दाबून धरलं होतं. तेव्हापासून त्याने काचेला हात लावला नव्हता.

आज धाकटा बरा होऊन कामावर आला. समोर पुरुषभर उंचीची काच उभी होती. “चल दादा, गंज चढला हातांना,” तो हसत म्हणाला. त्याला जुनी जोडी परत हवी होती. थोरल्याला तर जीव टाकून हवी होती.

त्याने हातमोजे चढवले. पण गुडघे कसले आडमुठे! वाकता वाकेनात. खांदे कानांशी जाऊन बसले होते, श्वास वरच्या वर अडकला होता. अरे, रोजचंच तर काम, त्याने स्वतःला दटावलं. मेलं अंग ऐकेल तर शपथ! कशीबशी त्याने काच धरली आणि तो दबला.

धाकटा हललाच नाही.

“उचल की! दबलोय ना मी?” थोरला खेकसला.

“दादा, पायांकडे बघ.”

त्याने पाहिलं. बुटांची टोकं जमिनीवरून सुटली होती. कंबर मागे, सगळा भार टाचांवर. हात तेवढे काचेला धरून होते. बाकीचा माणूस केव्हाच पळायला निघाला होता.

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

शेवटी धाकट्याने पलीकडच्या जोडीतल्या लंबूला हाक मारली. थोरल्याला ते झोंबलं. पण त्याआधी क्षणभर हायसं वाटलं होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. तो दाराशी जाऊन उभा राहिला.

“एक... दोन...” धाकटा आयुष्यात पहिल्यांदा मोजत होता.

‘तीन’ यायच्या आत, दाराशी रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या थोरल्याचे गुडघे आपसूक दबले. अगदी पूर्वीसारखे.