नारिंगी पट्टी

धाकटीने डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्या हातातल्या तारेचं टोक जाड कंडेन्सरच्या पायावर टेकवलं. टच् असा बारीक आवाज झाला, एवढीशी ठिणगी उडाली, आणि दादाच्या ॲम्प्लिफायरमध्ये साठून राहिलेली वीज निघून गेली.

"अगंबाई!" स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या. "बंद होतं ना ते?"

"बंद असलं म्हणून काय झालं? ही जुनी यंत्रं धरून ठेवतात. सोडत नाहीत काही."

"आणि तो हात का पाठीमागे?"

"दोन्ही हात आत घातले तर झटका छातीतून जातो. एक हात नेहमी मागे."

मालकासारखंच आहे, धरून ठेवणारं, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण दादाला जाऊन आठच महिने झाले होते आणि वहिनींच्या हातात तिच्यासाठी चहाचा कप होता. तिने शब्द गिळला आणि कप घेतला.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीही या घरात तिला धाकटीच म्हणत. बाहेर तिची ओळख वेगळी होती. चौतीस वर्षं तिने हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त केली होती. माणसाच्या छातीचे ठोके कागदावर काढणारी यंत्रं. मोठमोठे डॉक्टर तिच्या सहीशिवाय ती वापरत नसत. एवढा भरवसा परक्यांनी टाकला. सख्ख्या भावाने मात्र एका गिटारच्या ॲम्पला तिला एक्केचाळीस वर्षं शिवू दिलं नव्हतं. आता तो गेला, ॲम्प बंद पडला, पुतण्याने चालू करून पाहिला तर नुसता घुमला आणि फ्यूज उडाला. मग सगळ्यांना आत्या आठवली. गरज सरो, वैद्य मरो हे ठीक. पण इथे वैद्याला बोलवायलाच रोग्याच्या मालकाला मरावं लागलं, असं तिने पुतण्याला फोनवर सुनावलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आत्या, मूळ सर्किटच्या नकाशाप्रमाणे कर हं. रविवारी येतो मी."

आज रविवार होता. चार दिवस जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग ॲम्पने अडवला होता. लाकडी पेटीतून तिने सगळे भाग जोडलेली पत्र्याची चासी बाहेर काढून उताणी ठेवली होती. आतलं उंदराचं घरटं काढून झालं, चार सुजलेले कंडेन्सर बदलून झाले, काचेच्या व्हॉल्व्हचे गंजके पाय घासून झाले. आता पुढच्या टोकाचा कोपरा राहिला होता, आणि तिने तो मुद्दामच शेवटी ठेवला होता.

टेबलावर एक काड्यापेटी होती. तिच्यात कापसावर एक रेझिस्टर होता, तांदळाच्या लांब दाण्याएवढा. तपकिरी, हिरवी, लाल अशा पट्ट्यांचा. त्या रंगांवरूनच किंमत वाचायची: पंधराशे ओहम. बाकी सगळं निमित्त होतं. ती आली होती ती हा एक दाणा त्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने बसवायला.

कारण एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिथे तिने चुकीचा बसवला होता. तंत्रशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी. त्या संध्याकाळी दादाच्या बँडचा कार्यक्रम, दोन तास हातात, जिन्याखालचा पिवळा दिवा. त्या उजेडात लाल आणि नारिंगी पट्टी सारखीच दिसते. पंधराशेच्या जागी पंधरा हजार बसले. रात्री दादाने पहिला सूर छेडला आणि ॲम्प घसा बसलेल्या माणसासारखा खरखरला. मध्यंतरात तो खाली आला, आणि दहा माणसांसमोर, तिच्याकडे न बघता म्हणाला, "हिच्या हातात परत माझी वस्तू द्यायची नाही."

तो जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एका कारागिराला बोलावणार असल्याचं दुसऱ्या दिवशी तिला कळलं. आपण काय चुकलो ते तिने डब्यातले उरलेले रेझिस्टर मोजून तोवर शोधून काढलं होतं. सांगायला म्हणून निघालीही होती, पण दारातूनच परतली. तो कारागीर काढेल की, एवढी हौस आहे तर! त्यानंतर दादाच्या एकाही कार्यक्रमाला ती गेली नाही. लग्नात, बारशात भाऊ-बहीण भेटत, हसत, एकमेकांच्या ताटात वाढत. ॲम्पचा विषय कोणी काढत नसे.

त्याच्या वाजवण्याचं कौतुक मात्र कानावर यायचंच. तो भरड, खरबरीत आवाज म्हणे दुसऱ्या कोणाच्या गिटारमधून निघत नसे. लोक विचारायचे, हा आवाज आणलात कुठून? तो म्हणायचा, "हातगुण." बढाया मारायला काय जातंय, असं तिला प्रत्येक वेळी वाटायचं.

तिने विजेरी तोंडात धरली आणि चासीच्या आतल्या बाजूला पाहिलं. जुन्या कारागिरांची रीत असते, पेटी उघडली की आत पेन्सिलने तारीख घालायची. पत्र्यावर सहा तारखा एकाखाली एक होत्या, प्रत्येकीपुढे आकडा. दोन, तीन, चार, थेट सातपर्यंत. अक्षर चष्मेवाल्याचं असणार. एकची ओळ पुसली गेली असेल म्हणून तिने लक्ष दिलं नाही.

मग उजेड कोपऱ्यात गेला आणि ती थांबली.

तिथला सोल्डरचा डाग तिने लगेच ओळखला. बेढब, गरजेपेक्षा दुप्पट कथील घातलेला, घाईत दिलेला. सबंध चासीत जुनी म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट उरली होती. आजूबाजूचं सारं कधी ना कधी बदललेलं होतं, आणि मधोमध तिचा रेझिस्टर तसाच होता. तपकिरी, हिरवी, नारिंगी. त्याच्या दोन्ही पायांवर लालभडक रंग फासून मोहोर केली होती, आणि शेजारी चिकटपट्टीचा तुकडा होता. त्यावर दादाचं अक्षर. तो कधी शिरोरेषा देत नसे.

याला हात लावायचा नाही. बाकी काय वाट्टेल ते बदला.

तिने मीटर लावलं. पंधरा हजार. इतक्या वर्षांत काटा रेसभरही हलला नव्हता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे चष्मेवाल्याला माहीत होतं! पट्टी वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं! ज्या आवाजावर हा माणूस आयुष्यभर मिरवला, तो आवाज तिच्या चुकीचा होता, आणि ते न सांगण्यापुरती एकच व्यक्ती या जगात त्याला सापडली. हातगुण म्हणे! कोणाच्या हाताचा?

"वहिनी!"

वहिनी हात पुसत आल्या. धाकटीने विजेरी त्यांच्या हातात कोंबली. "हे काय आहे?"

त्यांनी वाकून पाहिलं. "हा तर माझ्या नेलपॉलिशचा रंग. लग्नानंतरची पहिली बाटली. यांनी मागून नेली ती परत आलीच नाही."

"आणि मला कोणी सांगायचं? दहा माणसांसमोर बोलताना बरी जीभ चालली. हे सांगताना झडली होती?"

"मला त्या यंत्रातलं काय कळतंय, बाई?"

"त्याला कळत होतं ना! मी चौतीस वर्षं लोकांची काळजं तपासली, आणि माझा भाऊ मला..." तिने सोल्डरिंग आयर्न उचललं. "काढूनच टाकते. नकाशाप्रमाणे हवं आहे ना? घ्या नकाशाप्रमाणे. माझी चूक आहे, माझी मी घेऊन जाते."

तापलेलं टोक लाल रंगावर टेकलं. रंग बुडबुडला, त्याचा उग्र वास खोलीभर पसरला. वहिनी मागे सरल्या नाहीत.

"प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेतली एक खुर्ची ते धरून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "रुमाल टाकून. मी म्हणायचे, अहो, कशाला? तर म्हणायचे, एकदा येऊन ऐकू दे तिला. तोंडाने सांगून काय कळणार आहे?"

धाकटीने टोक जरासं वर घेतलं.

"तू आली नाहीस," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या स्वरात दोष नव्हता, पण माफीही नव्हती.

"घरी यायचं होतं त्याने. पायात काटे भरले होते?"

"हो. यायलाच हवं होतं."

तिने आयर्न स्टँडवर ठेवलं. रंगवलेला एक पाय काळा पडला होता. डाग शाबूत होता. राग गेला नव्हता. फक्त तो कोणावर किती काढायचा याची वाटणी आता तिला जमेना. वहिनींनी थंड झालेला कप उचलून नेला.

मग तिने पेन्सिल घेतली. सातच्या खाली आठ घालून आजची तारीख लिहिली. लिहिता लिहिता तिची नजर वर गेली. दोनच्या वर बोटभर पत्रा कोरा होता. विजेरी आडवी धरून तिने तो नीट पाहिला, बोटाने चाचपला. काही पुसल्याची खूण नव्हती. चष्मेवाल्याने सुरुवातच दोनपासून केली होती, आणि वर एक ओळ त्याच्या आधीच्या हातासाठी सोडली होती.

"शहाणे!" ती दादा आणि चष्मेवाला दोघांनाही उद्देशून म्हणाली. तिने तिथे एक घातला, आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वीची तारीख इतक्या जोरात लिहिली की पेन्सिलचं टोक मोडलं.

पुतण्या आला तेव्हा चासी पेटीत गेली होती, मागची फळी बसली होती. तो गिटार घेऊनच आला होता.

"नकाशाप्रमाणे झालं ना, आत्या?"

"एक जागा सोडून."

"का? तिथला भाग मिळाला नाही?"

काड्यापेटी तिच्या पिशवीत होती. "मिळाला. बसवला नाही. तू लाव आधी."

व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागलं. पुतण्याने एक सूर छेडला. घसा बसलेला, भरड आवाज पेटीतून आला आणि खोलीच्या भिंतींना लागला. पुतण्याचे हात तारांवरच थांबले. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"बाबा," तो म्हणाला. मग जरा सावरून, "आत्या, हा आवाज येतो कसा?"

"हातगुण," धाकटी म्हणाली. तिने एक खुर्ची टेबलापासून ओढली, पेटीच्या अगदी समोर आणून ठेवली आणि हाताची घडी घालून बसली. तिचं कपाळ अजून आठ्यांनी भरलेलं होतं.

"वाजव. आणि मोठ्याने वाजव. एक्केचाळीस वर्षांचं ऐकायचं राहिलंय."