वारलेल्या कारागिराची फरशी

घरात घूस शिरली आहे हे सगळ्यांत आधी वाटाण्याला कळलं. सून स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. एक दाणा हातून सुटला आणि पडला तिथं गप्प राहायचं सोडून निघाला, तो थेट मोरीजवळच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिनं दुसरा सोडून पाहिला. तोही पहिल्याच्या मागोमाग गेला. तिसरा सोडला तेव्हा दारात सासरे उभे होते.

"वाटाणा वाकडा असेल," ते म्हणाले.

"तिन्ही?"

"एकाच शेंगेतले असतील. एका आईची लेकरं."

सुनेनं पुढची शेंग उचलली. दवाखान्यात नर्स होती ती. दुखत नाही म्हणणारी माणसं तिनं रोज पाहिली होती.

सासऱ्यांना सगळे लेव्हलअण्णा म्हणत. चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या त्यांनी. कुणाकडे पाणी प्यायला बसले तरी पेल्यातल्या पाण्याची रेघ आणि टेबलाची कड एक डोळा मिटून जुळवून बघायचे, आणि जुळली नाही तर ते पाणी त्यांना गोड लागायचं नाही. स्वभावानं मात्र मऊ माणूस. रागावणं जमायचं नाही, खोटं बोलणं त्याहून जमायचं नाही. गर्व म्हणावा असा एकच होता, तो तेवढा चांगला पोसलेला. "माझ्या हातची फरशी आजवर कधी खचली नाही." मुलगा हे वाक्य ऐकतच लहानाचा मोठा झाला होता, आणि कामावर, बस डेपोत, कुणी जमिनीचा विषय काढला की आता तोही ते म्हणायचा, वडिलांपेक्षा जरा मोठ्यानं.

दुपारी घरात कुणी नाही असं पाहून अण्णांनी कामाची जुनी पेटी उघडली, रबरी हातोडी काढली आणि गुडघे टेकले. खाली भराव पक्का असला की फरशीचा आवाज घट्ट येतो, पोकळी असली की ती ढब्ब बोलते. मोरीच्या कोपऱ्यापासून ओट्यापर्यंत अकरा फरश्या ढब्ब बोलल्या. डॉक्टरनं स्वतःच्याच छातीला नळी लावावी आणि ऐकू आलेलं कुणाला सांगू नये, तसे अण्णा उठले, पेटी बंद केली आणि ओसरीत जाऊन बसले.

पण घूस काही अब्रूदार प्राणी नव्हे. दोन दिवसांत तिनं मागच्या अंगणात सांडपाण्याच्या नळाशेजारी तोंड काढलं आणि बाहेर मातीचा ढीग घातला. तिसऱ्या दिवशी दुसरं बीळ, दुसरा ढीग. आता घरभर बोभाटा झाला.

मुलगा बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. त्यामुळे घरावर संकट आलं तरी आधी त्याची सुटायची वेळ ठरवायचा. "महिनाअखेर माझी चार दिवस रजा आहे," तो म्हणाला. "तोवर घुशी गेल्या तर ठीक. नाही तर स्वयंपाकघराची सगळी फरशी फोडायची. खाली काँक्रीट, वर नवी चकचकीत."

"ती फरशी हातानं फुटायची नाही," अण्णा म्हणाले.

"म्हणून तर मशीन आणणार."

अण्णांनी मान डोलावली, पण त्या रात्री ते जेवले अर्धंच. गावभर त्यांच्या हातच्या फरश्या होत्या खऱ्या, पण त्या लोकांच्या. निम्म्यांवर आता दुसऱ्या चढल्या होत्या, उरलेल्यांवर पाय ठेवायला कुणाचं तरी दार वाजवावं लागलं असतं. अनवाणी चालावं अशी एवढीच उरली होती. काळी-पांढरी, चौकडीची. बायकोनं निवडलेली. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि अण्णा अजून तिच्या ओट्यासमोरच्या दोन फरश्या ओलांडून जात, ती तिथं उभी असल्यासारखे.

तेव्हा महिनाअखेरच्या आत घुशी काढायच्या, आणि फरशीला हात लागू द्यायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला.

पहिल्यांदा बिळांत काचा भरल्या. घुशीनं त्या एकेक करून बाहेर आणून ठेवल्या, नीट, एका बाजूला. मग मिरच्यांचा धूर दिला. धूर बिळात शिरला, खालून फिरला आणि मोरीतून वर आला. घुशी आत राहिल्या आणि माणसं बाहेर आली. मग अण्णा एका संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी पाट टाकून बसले आणि त्यांनी घुशीला समजावून सांगितलं. की बाई, तूही देवाचीच, मीही देवाचाच. तुला घर हवं हे मान्य, पण दुसऱ्याच्या पायाखालची माती काढून आपलं घर होत नसतं. पलीकडे एवढा माळ मोकळा पडला आहे. बरंच गोड बोलले. बोधानं सुधारत नाही असा जीव जगात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

"आधी तुमच्या चिरंजीवांवर करून बघा हा प्रयोग," सून मागून म्हणाली. "लागू पडला तर घुशीला द्या."

दुसऱ्या दिवशी तिनंच घुसवाल्याला बोलावलं.

घुसवाला खाकी कपड्यात आला. बरोबर चार पिंजरे, एक बॅटरी, एक लांब लवचिक सळई. माणूस कामाचा होता, आणि कामाच्या माणसासारखाच तोंडाळ. मुलगा डेपोत गेला होता. घरात अण्णा आणि सून. घुसवाल्यानं सळई बिळात घातली, ती अशी सुरसुरत गेली की अर्धी संपली तरी कुठे अडेना. मग त्यानं ढिगातली चिमूटभर माती घेतली, बोटांवर चोळली, नाकाशी नेली आणि हसला.

"पोयटा आहे हा," तो म्हणाला. "नदीकाठची गाळाची माती. आणि चाळलेली. खडा नाही हो एक. फरशीखाली मुरूम घालतात, दगडगोटे घालतात, पाणी मारून धुम्मसनं ठोकतात. हे कुणी केलं? घुशीला गादी घालून दिलीय."

अण्णा सांडपाण्याच्या नळाकडे बघू लागले.

आता ही गोष्ट सांगायलाच हवी. लोकांच्या घरात अण्णा मुरूमच घालायचे, दगडगोटेच घालायचे, नियमाप्रमाणे. पण स्वतःचं घर बांधलं तेव्हा बायकोचे पाय दुखत होते. थंड कडक जमिनीवर उभं राहिलं की पोटऱ्या धरायच्या. तेव्हा अण्णांनी मनाशी म्हटलं, सगळ्या जगाला घालतो तेच हिला घालायचं का? नदीकाठचा पोयटा गाडी भरून आणला, दोनदा चाळला, हातानं सारवावा तसा पसरला आणि वर फरशी लावली. मऊ मातीवर ठेवली म्हणून फरशी काही मऊ होत नाही, हे दगडाला कळतं. पण जीव लावून काम करताना माणसाला साध्या गोष्टी सुचत नाहीत. बायको म्हणाली होती, "हो, जरा उबदार वाटतेय." तिचाही जीव होताच की त्यांच्यावर.

"अहो, कारागीर कोण होता?" घुसवाल्यानं पुन्हा विचारलं.

आयुष्यात ज्या एका गोष्टीची सवय नव्हती ती अण्णांनी केली.

"वारला तो," ते म्हणाले.

आत ओट्याजवळ सुनेचा झारा कढईतच थांबला.

"सुटला बिचारा," घुसवाला म्हणाला. "आता ऐका. पिंजऱ्यानं मी आहेत त्या घुशी काढीन. पण हा भराव आहे तोवर नव्या येणार. मोकळी गादी कोण सोडतं? खरं औषध म्हणजे फरशी काढा, माती उपसा, दगड घाला."

"तुम्ही पिंजरे लावा," अण्णा म्हणाले. "आणि ते मातीचं तेवढं मुलासमोर काढू नका. उगाच त्याच्या डोक्याला ताप."

घुसवाला पिंजरे मांडून गेला. सुनेनं गॅस बारीक केला.

"अण्णा," ती म्हणाली, "वारलेल्या माणसाचं पान आता मांडू, की तुमच्याबरोबरच बसेल तो?"

"पोरी, तू काही ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं. पण त्याला दोन वाजता रक्तदाबाची गोळी घ्यायला सांगा."

त्यानंतर घुसवाला रोज सकाळी येऊ लागला. मुलगा तोवर गेलेला असायचा. पिंजऱ्यात एक घूस असे, कधी दोन. त्या कुठे नेता असं अण्णांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही विचारू नका, म्हणजे मलाही खोटं बोलायला नको." आणि मग दाराशी बसून वारलेल्या कारागिराचा उद्धार सुरू करायचा. अशी माणसं दुसऱ्याच्या घरात घूस घालून मोकळी होतात. पैसे घेऊन पोयटा घालतो म्हणजे काय. अण्णांना हो ला हो करावं लागायचं.

"नवशिका असेल," एकदा ते म्हणाले.

"नवशिका नाही, वर बघा ना, सांधा कसा धरलाय. केस जायचा नाही. हात सोन्याचा, अक्कल शेणाची."

"असो. देव त्याला सद्गती देवो."

"देईल की. फक्त तिथं फरशीचं काम देऊ नये, म्हणजे देवाचं सिंहासन कलायचं नाही."

आठ दिवसांत सात घुशी निघाल्या. मग तीन दिवस पिंजरे रिकामे. चौथ्या दिवशी मुलाची रजा लागली. सकाळी तो अंगणात गेला, बिळं पाहिली, ताजी माती नव्हती. आत येऊन म्हणाला, "अण्णा, मशीनवाल्याला नको म्हणून सांगतो. गेल्या घुशी. फरशी राहू दे."

झालं. जे मागितलं ते पदरात पडलं. फरशी वाचली, नाव वाचलं. अण्णांनी मनातल्या मनात हात जोडले.

"दुसऱ्या कुणाची असती ना," मुलगा पुढे म्हणाला, "तर एव्हाना खचून माणूस आत गेला असता. पंधरा-सोळा दिवस खाली घुशी पोखरताहेत आणि वर सांधा हललेला नाही. डेपोत सांगितलं मी सगळ्यांना. हे आमच्या अण्णांचं काम आहे म्हटलं."

घुसवाला तेवढ्यात पिंजरे न्यायला दारात आला होता. त्यानं मुलाचं बोलणं ऐकलं, अण्णांकडे पाहिलं आणि पिंजऱ्याची साखळी गुंडाळता गुंडाळता थांबला.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते सुनेकडे पाहत होते. तिनं दवाखान्यातले पंचे उकळायला ठेवले होते. ते मोठं पातेलं दोन फडक्यांत धरून तिनं ओट्यावरून उचललं, वाफ तोंडावर घेत ती मागे वळली आणि मोरीच्या कोपऱ्याकडे निघाली. त्या अकरा फरश्यांच्या दिशेनं.

"सूनबाई, थांब," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण असा आवाज घरात कुणी कधी ऐकला नव्हता. "पाय पुढे टाकू नको. पातेलं तिथंच ठेव."

तिनं ठेवलं.

अण्णांनी पेटीतून हातोडी आणली, गुडघे टेकले आणि मुलासमोर एकेक फरशी वाजवून दाखवली. ढब्ब. ढब्ब. ढब्ब.

"खाली काही नाही," ते म्हणाले. "वरची लाज सांध्यानं धरून ठेवलीय. परक्याच्या घरात असं ऐकलं असतं तर मी बाईमाणसाला उंबरा ओलांडू दिला नसता. इथं इतके दिवस ओलांडू दिला. का, तर माझं नाव."

"म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"म्हणजे खाली मी पोयटा घातलाय. चाळून."

मुलानं वाकून एक फरशी स्वतः वाजवून पाहिली. मग हळूच म्हणाला, "बाकीच्या घरांतही?"

"छे. तिथं नियमानं काम केलं. ती घरं लोकांची होती."

घुसवाला दारातून म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी शंका होती. मेलेल्या माणसाची बाजू इतक्या कळकळीनं सहसा मेलेलाच घेतो." मग थोडा ओशाळला. "अण्णा, बोललो ते माफ करा. शेणाचं वगैरे."

"त्यात चूक काय होतं," अण्णा म्हणाले.

मशीन आलं नाही. त्या जमिनीवर मशीनच आत गेलं असतं. बापलेकांनी छिन्नी-हातोडा घेतला. आणि इथं दैवानं खरी गंमत केली. मुलाला आता त्या फरश्या वाचवायच्या होत्या. आईच्या फरश्या, अण्णांच्या हातच्या, उचलून ठेवू, पुन्हा लावू, असं तो म्हणू लागला, ज्याला पंधरा दिवसांपूर्वी चकचकीत हवी होती. पण अण्णांनी सांधे असे भरले होते, की एकही फरशी सबंध निघेना. कोपऱ्यातून उचलावी तर मधून तडकायची, मधून उचलावी तर कोपरा शेजारणीला सोडायचा नाही. खालची माती जितकी मऊ, वरची पकड तितकी चिवट. संध्याकाळपर्यंत काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा ढीग झाला. ओट्यासमोरच्या दोन फरश्यांपाशी मुलगा थबकला. अण्णांनीच छिन्नी घेतली आणि पहिला घाव घातला.

"तिचे पाय दुखायचे थांबले नव्हते," ते म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून बोलली होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं."

पोयटा उपसून अंगणात टाकला. खाली घुशीचे रस्ते होते, वीतभर रुंद, वळणावळणाचे, आणि मधोमध गवत, कागद, सुनेचा हरवलेला एक मोजा यांचं ऐसपैस अंथरूण. मुरूम आला, दगडगोटे आले. मुलगा धुम्मस मारायचा आणि अण्णा उंबऱ्यात उभे राहून म्हणायचे, "अजून पाणी. अजून ठोक. हं, दमलास? गिऱ्हाईक दमल्याचे पैसे देत नाही." नव्या फरश्या सुनेनं निवडल्या, साध्या करड्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहून नाक मुरडलं नाही आणि कौतुकही केलं नाही. दोरी ताणली, लेव्हल ठेवली, आणि बोलणंच बंद केलं. वर्षानुवर्षं परक्या घरांत शिरताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला.

दुपारी सून अंगणातल्या स्टोव्हवर आधण ठेवून दाराशी आली.

"अण्णा, चहा टाकू?"

अण्णांनी मान वर केली नाही. "बाई," ते अगदी अदबीनं म्हणाले, "पहिली ओळ बसेपर्यंत आम्ही कामावर चहा घेत नाही."